खिडकीसरकार आणि वीस मिनिटांची गाडी

आमच्या सासऱ्यांनी एकतीस वर्षं माणसांना ताटकळत ठेवलं आणि कारखान्याने त्याबद्दल त्यांना दोनदा बढती दिली. मी हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही. जावयाला दहावा ग्रह म्हणतात, पण आमच्याकडे बाकीचे नऊ ग्रह सासऱ्यांनी आधीच स्वतःकडे ठेवून घेतले होते, त्यामुळे माझी पीडा कुणाला फारशी जाणवली नाही.

ते पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. स्टोअर इमारतीच्या अगदी मागच्या टोकाला, आणि त्याला एकच खिडकी. छातीच्या उंचीवर, जाळीची, खाली हात जाईल एवढी फट. फिटर यायचा, फोरमनच्या सहीची चिठ्ठी फटीतून आत सरकवायचा. सासरे चष्मा पुसायचे, लावायचे, चिठ्ठी वाचायचे, मग उलटी करून कोरी बाजूही वाचायचे. "बघतो," म्हणायचे आणि रॅकांच्या आड दिसेनासे व्हायचे. वस्तू हाताच्या अंतरावर असली तरी ते पाच-सात मिनिटं आतच असत. तिथे काय करतात, हे कारखान्यातलं मोठं गूढ होतं. पुढे मला कळलं की काही करत नसत. तांब्यातलं पाणी घोटघोट पीत उभे राहत.

"लगेच काढून दिलं की वस्तूची किंमत राहत नाही," हे त्यांनी मला एकदा समजावलं होतं. "आणि देणाऱ्याचीही."

पाठीमागे सगळे त्यांना खिडकीसरकार म्हणत. समोर मात्र मोठमोठे फोरमन त्यांच्या गुडघ्याची चौकशी करत. तिसऱ्या लाइनचा फोरमन हा त्यांचा हाडवैरी, पण तोही खिडकीसमोर आला की आवाज मऊ करायचा. आणि परत जाऊन, मिळालेल्या मालातला थोडा लपवून ठेवायचा, कारण पुढच्या वेळी मिळेल न मिळेल. त्याच्या लॉकरमध्ये जादा शर्टाखाली सील असत, जुन्या जेवणाच्या डब्यात बेअरिंगं असत. एकदा गडबडीत त्याने तोच डबा जेवायला उघडला आणि सगळ्या लाइनीने पाहिलं. सगळेच लपवायचे म्हणून स्टोअरमध्ये माल कमी पडायचा, कमी पडायचा म्हणून सासरे आणखी हात आखडता घ्यायचे, आणि ते आखडता घेत म्हणून सगळे आणखी लपवायचे. कारखाना अशा रीतीने व्यवस्थित चालला होता.

मी त्याच कारखान्यात इंजिनिअर. एका सोमवारी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. बाहेरून कोणी सल्लागार आला होता. तीन दिवस राहिला, आमचं पाणी पचेना म्हणून चौथ्या दिवशी गेला, आणि जाताना चाळीस पानं देऊन गेला. त्यातलं सार एवढंच की माणसाने मालाकडे जायचं नाही, मालाने माणसाकडे यायचं. बॅटरीवर चालणारी एक छोटी गाडी, तिला मागे तीन ट्रॉल्या. दर वीस मिनिटांनी ती ठरलेल्या वाटेने साऱ्या लाइनींवरून फिरणार. कामगारापाशी प्रत्येक वस्तूच्या दोन पेट्या. एक रिकामी झाली की तिच्यावरचं कार्ड गाडीवाला घेणार आणि पुढच्या फेरीत भरलेली पेटी ठेवणार. चिठ्ठी नाही, सही नाही, खिडकी नाही.

"खिडकी बंद झाली की स्टोअरमधलं एक माणूस मोकळं होतं," साहेब म्हणाले. "गेटवर कागद तपासायला माणूस हवाच आहे. तिथे देऊ त्यांना. आणि हे काम तूच कर. घरचा माणूस आहेस, तुझं ऐकतील."

जगात कुठला सासरा जावयाचं ऐकतो, हे साहेबांना कोण विचारणार? त्यांना मुलगी नव्हती.

नवी पद्धत उभी करायची तर पहिल्यांदा प्रत्येक वस्तूची कुंडली मांडावी लागते. नाव काय, नंबर काय, एका पेटीत किती बसतात, पेटीचं वजन एका माणसाला उचलेल का, कुठल्या लाइनीवर लागते, तासाला किती लागतात, सध्या कुठे आहे. आमच्याकडे अशा अठराशे वस्तू. कॉम्प्युटर जे सांगत होता त्यावर खुद्द कॉम्प्युटर विभागाचाही विश्वास नव्हता. खरी माहिती एकाच डोक्यात होती, आणि ते डोकं आमच्या वरच्या मजल्यावर राहत होतं.

सहा महिने माझे रविवार त्यात गेले. मी वही घेऊन वर जायचो. घरातही स्टोअरच होतं. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर त्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी, आत काय आणि किती. सासूबाईंचा त्या चिठ्ठ्यांवर काडीचा विश्वास नव्हता. "डबा कुठे आहे ते त्यांना विचारा," त्या मला म्हणायच्या. "आत किती आहे ते मला विचारा." मला ते बायकांचं नवऱ्याबद्दलचं नेहमीचं बोलणं वाटलं. तिथेच कान टवकारायला हवे होते.

सासरे मात्र न कुरकुरता सांगत. दोन नंबरच्या पंपाचं ग्लँड? सहावा रॅक, तळाचा कप्पा, पेटीत चाळीस. छोट्या शाफ्टची चावी? दाराजवळच्या ड्रॉवरमध्ये, डावीकडे, तेलाच्या कागदात. कागद न पाहता, डोळे मिटून. ही माहिती कशासाठी चालली आहे आणि शेवटी तिचं काय होणार आहे, हे त्यांना पहिल्या रविवारपासून माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं. स्टोअरकीपरला सांगावं लागत नाही, त्याच्याच हातून सगळे कागद निघतात. गेटवरच्या माणसासाठी नवी शिट्टी कुणी मागवली, तर यांनीच.

अठराशे कुंडल्या झाल्यावर मी प्रत्यक्ष मोजणी केली. आणि गंमत अशी की एकही आकडा जुळेना. पण चुकण्यातही इतकी शिस्त मी कधी पाहिली नव्हती. प्रत्येक वस्तू पाचाने जास्त. सील पाच जास्त, बेअरिंग पाच जास्त, बोटाएवढे स्क्रूसुद्धा पाच जास्त. दोन माणसांना उचलाव्या लागणाऱ्या पंपाच्या ओतीव बॉड्या, त्याही पाच, जिन्याखाली ताडपत्रीने झाकलेल्या.

मी चक्रावून वर गेलो. सासरे पेन्सिलीला टोक करत होते.

"बाबा, हे पाच काय आहे?"

"पाच कमी लिहायचे असतात," ते म्हणाले, मला हे माहीत नसल्याचं त्यांना आश्चर्य वाटलं. "माझ्या आधीच्या स्टोअरकीपरने पहिल्याच आठवड्यात शिकवलं. एका सीलवाचून लाइन उभी राहिली की ज्याने माल पाठवला नाही त्याला कोणी बोलत नाही, जावईबापू. खिडकीवाल्याला बोलतात. तेव्हा वहीत नाही म्हणायचं आणि जवळ ठेवायचं."

"पण वही खोटी झाली ना!"

"वही दाखवायला असते. माल द्यायला असतो."

मग एकेक कोडं सुटत गेलं. लाइन बंद पडायची वेळ आली, साहेब घामाघूम झाले, की सासरे आत जायचे आणि नसलेली वस्तू घेऊन बाहेर यायचे. लोक म्हणायचे, म्हातारा कुठून पैदा करतो कोण जाणे. एकतीस वर्षांची सगळी कीर्ती त्या पाचांवर उभी होती.

मी काय केलं? मी नऊ हजार नग अहवालात घातले. 'अनावश्यक साठा' असं ठळक अक्षरात. साहेबांनी टेबलावर हात आपटून शाबासकी दिली. पाचांचा नियम साऱ्या कारखान्याला कळला. पुढच्या दोन महिन्यांत ते पाच-पाच नग लाइनींवर वापरून संपवले, नवे मागवले नाहीत, ताडपत्रीसुद्धा धुऊन घडी केली. आकडे माझे शुद्ध. आकड्यांच्या बाबतीत मी आयुष्यात कधी लबाडी केलेली नाही, आणि तेव्हा तर मला त्याचा भारी अभिमान होता.

घरी मात्र वेगळं वारं वाहत होतं.

"तू बाबांना गेटवर उभं करणार?" बायकोने विचारलं.

"मी नाही. नवी पद्धत तशी आहे."

"मग आजपासून पद्धतीलाच वाढते. तुझं तू बघ."

तिचं चुकलं नव्हतं. एकतीस वर्षं ज्याच्यासमोर फोरमन उभे राहिले, त्याने आता ट्रक ड्रायव्हरांसमोर शिट्टी घेऊन उभं राहायचं, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना. मलाही रात्री घास गोड लागत नव्हता. पण घास गोड लागत नाही, असा रकाना अहवालात नसतो.

मार्ग सासऱ्यांनीच काढला. एका रविवारी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "ती गाडी कोण चालवणार?"

"ठेकेदाराचा कोणी माणूस येईल."

"त्याला ग्लँड कुठलं आणि गॅस्केट कुठलं हे कळतं?"

"कार्डावर नंबर असतो, बाबा."

"नंबर काय, शेंबडं पोरही वाचतं. मी चालवतो."

मला ठसका लागला. जो माणूस जागचा हलत नाही म्हणून प्रसिद्ध, तो दर वीस मिनिटांनी लोकांच्या दारात जाणार? रिकाम्या पेट्या गोळा करत? पण त्यांचं ठरलं होतं. गेटपेक्षा गाडी बरी. निदान मालाबरोबर राहता येईल.

मी साहेबांकडे रदबदली केली. साहेबांनी अट घातली. शनिवारी पूर्ण पाळीची चाचणी. एकही फेरी तीन मिनिटांपेक्षा जास्त उशिरा होता कामा नये. झाली, तर सोमवारपासून ठेकेदाराचा माणूस गाडीवर आणि सासरे गेटवर. वेळ मी नोंदवायची. "तू आकड्यात लबाडी करणार नाहीस, म्हणून," साहेब म्हणाले आणि मी मान ताठ करून बाहेर आलो.

सासऱ्यांनी दोन आठवडे मागच्या आवारात सराव केला. पहिल्या दिवशी खांबाला धडकले, दुसऱ्या दिवशी त्याच खांबाला. "हा खांब चुकीच्या रॅकला आहे," म्हणाले. तिसऱ्या दिवशी तिन्ही ट्रॉल्या उलट्या घेऊन दाखवल्या. सासूबाई विचारायच्या, गुडघा कसा आहे, तर म्हणायचे, तो स्टोअरमध्ये ठेवून आलोय.

चाचणीच्या शनिवारी सगळा कारखाना कामापेक्षा गाडीकडेच जास्त पाहत होता. एकतीस वर्षांचं उसनं फेडायचा दिवस होता तो. तिसऱ्या लाइनचा फोरमन घड्याळ काढून उभा राहिला. गाडी आली, सासरे उतरले आणि म्हणाले, "रिकाम्या पेट्या द्या." फोरमनने चष्मा काढला, पुसला, लावला, कार्ड हातात घेतलं, उलटं करून मागची कोरी बाजू वाचली.

"बघतो," तो म्हणाला.

सगळी लाइन खिदळली. मला वाटलं, आता सासरे गाडी सोडून निघून जातील. पण ते स्वतःच वाकले, पेट्या उचलल्या, भरलेल्या पेट्या चिठ्ठी समोर येईल अशा लावल्या आणि गाडीवर बसले. "पाणी प्यायला आत जायचं विसरलात," जाता जाता म्हणाले. फोरमन आधी कावराबावरा झाला, मग हसला. त्या हसण्यात वैर बरंचसं उतरलं असावं, कारण पुढच्या फेरीला पेट्या तयार होत्या.

एक, दोन, पाच, दहा. दर वीस मिनिटांनी गाडी हजर. उशीर कधी अर्धा मिनिट, कधी काहीच नाही. चौथ्या फेरीपासून लोक त्यांना हात करायला लागले. बाराव्या फेरीला पहिल्या लाइनवरच्या बाईने त्यांना सांगितलं की पेटी चार बोटं वर ठेवलीत तर मला वाकावं लागत नाही. एवढी साधी गोष्ट तिने खिडकीत येऊन कधी सांगितली नसती. त्यांनी पेटी वर घेतली आणि कानावरची पेन्सिल काढून कार्डाच्या मागे लिहून ठेवलं. मला तेव्हा वाटलं, जमलं. मी मनातल्या मनात पेढ्यांची ऑर्डरही दिली.

सतराव्या फेरीला गाडी आली नाही.

मी पहिल्या लाइनच्या तोंडाशी घड्याळ घेऊन उभा. दोन मिनिटं झाली, तीन झाली. चौथ्या मिनिटाला बेअरिंगची दुसरी पेटी संपली आणि ती बाई हात बांधून उभी राहिली. पूर्वी अशा वेळी सासऱ्यांकडे पाच असत. ते पाच मीच संपवले होते. मी पळत सुटलो, गाडीच्या वाटेने उलटा.

गाडी सगळ्यात शेवटच्या थांब्यावर होती, टेस्टिंगच्या खोलीबाहेर. तिथे दारातच पेटी ठेवून पुढे जायचं असतं, आणि ते दार एरवी बंद असतं. आज उघडं होतं. आत मोठी टाकी, टाकीवर एक नवा पंप बसवलेला, आणि पंपातून मांडीएवढ्या जाड धारेने पाणी टाकीच्या दुसऱ्या टोकाला आदळत होतं. आवाजाने जमीन थरथरत होती. सासरे टाकीच्या काठाशी उभे, शर्ट छातीपर्यंत भिजलेला.

"बाबा! सात मिनिटं झाली!"

त्यांनी ऐकलंच नाही. टेस्टिंगवाल्याला म्हणाले, "परत एकदा लावता?" त्याने बटण बंद करून पुन्हा चालू केलं. धार आधी लुळी आली, मग तणाणून उभी राहिली.

"अहो, हे एवढं पाणी ओढतं?" सासरे माझ्याकडे वळले. "ते एवढंसं सील? त्याच्यावर?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा. या माणसाने चालू पंप कधी पाहिलाच नव्हता. स्टोअर मागच्या टोकाला, त्याचं दार मागच्या आवारात उघडणारं. कुलूप-किल्ली ज्याच्याकडे त्याने पाळी संपेपर्यंत जागा सोडायची नाही, हा नियम. भोंग्याच्या आधी यायचे, भोंग्यानंतर जायचे, डबा तिथेच खायचे. तयार पंप खोक्यात बंद होऊन पुढच्या दाराने निघून जात. एकतीस वर्षं त्यांनी सुटे भाग मोजले, आणि मी सहा महिने त्यांच्यासमोर बसून एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही पंप पाहिलाय का.

तोवर तिसऱ्या लाइनचा फोरमन तणतणत आला. त्याची पेटीही संपली होती. दारात आला आणि भिजलेल्या सासऱ्यांकडे पाहून त्याचा आवाज एकदम खाली आला. माझ्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, दोन लिहा. सातातून पाच गेले, दोन राहिले. खिडकीचा नियमच आहे की तो."

टेस्टिंगवाला म्हणाला, "मीच अडवलं होतं म्हणून सांगतो हवं तर."

सासऱ्यांनी भिजलेला शर्ट पिळला. चेहरा पुसला, गाडीवर बसले, निघून गेले. पुढच्या सगळ्या फेऱ्या त्यांनी मिनिटावर केल्या.

मी सात लिहिले. त्या वेळी मला वाटलं, आपण तत्त्वाला जागलो. आता इतकी वर्षं झाल्यावर खरं सांगायला हरकत नाही. मला भीती वाटली. जावई म्हणून सूट दिली, असं कोणी म्हटलं तर? फक्त एवढीच. पाळी सुटल्यावर साहेबांनी कागदावरून बोट फिरवलं, सातावर थांबले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घरचं माणूस असून लपवलं नाहीस. शाबास." त्या हाताचं वजन मला पेलवेना.

शनिवारचं रात्रीचं जेवण वरच असतं. बायकोने माझं ताट वाढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. गेटचं सगळ्यांना कळलं होतं. शेवटी सासूबाईंनीच विचारलं, "अहो, इतकं काय बघत होतात तिथे?"

आणि सासरे बोलायला लागले. कारखान्यातलं जेवताना बोलायचं नाही, ही त्यांची शिस्त, पण त्या दिवशी ते थांबेचनात. त्यांनी भांड्यातल्या पाण्यात बोट बुडवून टेबलावर पंप काढला. इथे शाफ्ट, त्यावर हा पंखा, इथे सील, नाहीतर सगळं पाणी मागे येईल, ही चावी, एवढीशी, ती नसेल तर पंखा फिरणारच नाही, मोटर नुसती गरगरेल. आणि मग पाणी असं वर जातं. हात वर नेताना त्यांनी जवळजवळ दिव्यालाच हात लावला. बायको जेवायची थांबली होती.

सासूबाईंनी टेबलावरच्या ओल्या रेघांकडे नीट पाहिलं. "आणि यातलं तुम्ही काय द्यायचात?"

सासऱ्यांनी चित्राकडे पाहिलं. एकेका रेघेवरून बोट फिरवलं, शाफ्टवरून, पंख्यावरून, त्या चावीवरून. हे उत्तर त्यांना स्वतःलाही नवीन असावं.

"सगळंच," ते म्हणाले.

बायकोने पदराने डोळे टिपले. मी मान खाली घालून जेवत राहिलो. सात मिनिटं मीच लिहिली होती, आणि ती अगदी बरोबर होती.